तंतुकणिका आणि खपलीची खीर

माझ्या सासूबाईंची स्मरणशक्ती माझ्या नवऱ्याच्या जिभेवर अवलंबून होती. हे वाक्य ऐकलं की लोकांना हसू येतं. मलाही पहिल्यांदा आलं होतं. आता दोन वर्षांनंतर कुणी हसलं की माझं डोकं तडकतं, कारण हसणाऱ्याला पुढचं काही निस्तरायचं नसतं.

आधी घरची माणसं सांगते. नवरा मल्लिनाथ कोरे, अठ्ठेचाळीस वर्षांचा, सांगलीत बेदाण्याचा अडत्या. शेतकरी बेदाणा घेऊन येतात, सौदे निघतात आणि मल्लिनाथ दिवसभर एकेका बॉक्समधला चिमूटभर म्हणत मूठभर बेदाणा तोंडात टाकून त्याची जात सांगतो. बेदाण्यात साखरेशिवाय फारसं काही नसतं, हे मी त्याला लग्नाआधीपासून सांगते आहे. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, म्हणून एकमेकांना अरे-तुरे करतो. ते त्याच्या आईला बावीस वर्षांत एकदाही आवडलेलं नाही. आई म्हणजे महानंदाबाई. आमच्यात सासूला आत्ती म्हणतात. मी भाग्यश्री, शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, म्हणजे घरात जे कुणी ऐकत नाही ते दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना सांगते. आमची मुलगी अन्विता बेंगळुरूला शिकते आणि तिथून फोनवर सल्ले देते.

आत्तींना मधुमेह पन्नाशीतच जडला होता. विसरणं सत्तरीला सुरू झालं. आधी गॅसवरचं दूध गेलं, मग गल्लीचं वळण गेलं, मग माणसं जायला लागली. मी त्यांना त्यांची थोरली बहीण वाटायला लागले, तो काळ खरं तर माझा बरा गेला. बहीण म्हणून त्या माझ्याशी जितक्या गोड बोलल्या तितक्या सून म्हणून कधी बोलल्या नव्हत्या. मल्लिनाथच्या वाट्याला मात्र वाईट आलं. तो संध्याकाळी अडतीवरून घरी यायचा आणि दारातच आत्ती त्याला विजेचं मीटर बघायला आलेला माणूस समजून म्हणायच्या, "मीटर जिन्याखाली हाय बघा."

मल्लिनाथ चप्पल काढायचा, जिन्याखाली जायचा, वाकून मीटर बघायचा आणि मग घरात यायचा. आठ महिने रोज. बघू नकोस म्हटलं की मलाच म्हणायचा, "तिला बरं वाटतं ना, मग झालं."

अशात मिरजेच्या एका हॉस्पिटलात नवी उपचारपद्धत सुरू झाल्याचं कळलं. तिथल्या डॉक्टर नसीम जमादार. बारीक चणीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या आणि मल्लिनाथसारख्या माणसाला जरा जास्तच मान देणाऱ्या. त्यांनी जे समजावून सांगितलं ते मी निम्मं आधीपासून शिकवत होते, फक्त त्याचा माझ्या स्वयंपाकघराशी संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

आपल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. मुलं त्यांना मायटोकॉन्ड्रियाच म्हणतात. पेशीचं ऊर्जाकेंद्र, एक गुणाचा प्रश्न. अब्जावधी वर्षांपूर्वी हे स्वतंत्र जीवाणू होते, दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथलेच होऊन राहिले. त्यामुळे आजही त्यांच्याकडे स्वतःचा थोडासा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचा इथे काहीही संबंध नाही. अन्नातली साखर आणि चरबी ऑक्सिजनच्या मदतीने जाळून पेशीला शक्ती द्यायची, हे त्यांचं काम. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शक्ती खातो वीस टक्के. म्हणजे तंतुकणिका थकल्या की पहिला फटका मेंदूला.

त्या थकतात कशाने? वय हे एक कारण. दुसरं कारण मधुमेहाच्या वाटेनं येतं. चुलीत मावतात त्याच्या दुप्पट लाकडं कोंबली की आग कमी आणि धूर जास्त होतो. पेशीत सतत गरजेपेक्षा जास्त साखर-चरबी येत राहिली की तंतुकणिकांचं तेच होतं. त्या धुराने त्या स्वतः खराब होतात, खराब झालेल्या वेळेवर साफ होत नाहीत, मग पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात आणि साखर आणखी वाढते. मेंदूतही असंच घडतं. भोवती साखर असूनही मेंदूच्या पेशी उपाशी राहतात. अल्झायमर झालेल्या मेंदूत आणखी पुष्कळ बिघाड असतात आणि सुरुवात नक्की कुठून होते यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, पण ही उपासमार तिथे असते एवढं सगळ्यांना मान्य आहे.

डॉक्टर जमादारांचा उपाय सरळ होता. ताज्या तंतुकणिका आणायच्या आणि थकलेल्या मेंदूला पुरवायच्या. रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये केंद्रक नसतं, पण तंतुकणिका असतात. दात्याच्या प्लेटलेट्स घ्यायच्या, त्यातून तंतुकणिका वेगळ्या काढायच्या आणि नाकावाटे बारीक फवाऱ्याने वर पोचवायच्या. साधारण तीन महिने त्या टिकतात. मग परत.

"कुणाच्याही चालत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "तंतुकणिकेचे बहुतेक सुटे भाग पेशीच्या केंद्रकाच्या हुकमाने बनतात. दोन्हींचं जुळावं लागतं. म्हणून आईच्या बाजूचा रक्ताचा माणूस हवा. भाऊ, बहीण, मुलं, बहिणीची मुलं."

माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, पण आमच्याकडे उलटं झालं होतं. मावशी केव्हाच गेल्या होत्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. आत्तींना भाऊ नाही. अन्विताकडे माझ्या तंतुकणिका, आत्तींच्या नाहीत. मी रोज पहाटे उठून चालते, साखर सोडून मला दहा वर्षं झाली, माझं रक्त तपासलं तर डॉक्टर जमादारांचे डोळे चमकले. पण मी सून. माझा उपयोग नव्हता.

उरला एकुलता एक मल्लिनाथ. चौऱ्याण्णव किलो, मधुमेहाच्या उंबरठ्यावर, जिना चढताना दोनदा थांबणारा.

"दात्याच्या तंतुकणिका धडधाकट लागतात," डॉक्टर म्हणाल्या. त्याचं मोजमाप होतं. प्लेटलेट्स किती जोमाने ऑक्सिजन वापरतात त्यावरून एक आकडा काढायचा, त्याला तिथे ऊर्जांक म्हणत. साठच्या खाली गेला की दान नाकारलं जाई. "मल्लिनाथसाहेब, तुमचा अठ्ठेचाळीस आहे. चालायला लागा, गोड बंद करा, वेळेवर झोपा. स्नायूंनी काम मागितलं की शरीर नव्या तंतुकणिका तयार करतं, जुन्या साफ करतं. वर्षभर थांबावं लागत नाही, तीन महिन्यांत फरक दिसतो."

बाहेर आल्यावर मल्लिनाथने माझ्याकडून एक वचन घेतलं. आईला यातलं काही सांगायचं नाही. "पोराचं काढून मला घालतात म्हटल्यावर ती नाकाला हात लावू द्यायची नाही. औषध आहे एवढंच सांगायचं."

मी हो म्हटलं, आणि ही माझी चूक झाली असं मला अजिबात वाटत नाही. तेव्हा त्यांना मीटर आणि मुलगा यातला फरक कळत नव्हता. सांगणार कुणाला?

खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत मल्लिनाथने कमाल केली. कृष्णेच्या काठाने रोज चालला. अडतीवर बेदाणा नुसता बोटांनी दाबून बघायला लागला. ऊर्जांक चौसष्ट आला. दान झालं, फवारा दिला, आणि सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी तो दारात चप्पल काढत होता तेव्हा आत्तींनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"मल्लू," त्या म्हणाल्या, "असा वाळलास का रे?"

तो दारातच बसला. मोठ्याने रडला. शेजारचे धावत आले. मीही रडले, लपवत नाही. त्या दिवशी मला वाटलं आपली सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आत्ती स्वयंपाकघरात होत्या. खपली गहू निवडत होत्या.

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते, खपली हा जुन्या जातीचा लांबट गहू. त्याला पाण्याचा हात लावून कांडायचा, कोंडा पाखडायचा, भिजवायचा, मऊ शिजवायचा आणि मग गूळ, ओलं खोबरं, खसखस, सुंठ, बडीशेप घालून खीर करायची. वर तूप आणि दूध. अर्ध्या दिवसाचं काम असतं. आत्तींच्या हातची ती खीर म्हणजे नातेवाइकांत बोलायचा विषय होता, आणि मल्लिनाथला ती लहानपणापासून जीव की प्राण. आजारात त्या सगळं विसरल्या होत्या, आता पहिलं हेच आठवलं.

दुपारी त्याच्या ताटात वाटी आली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी डोळे वटारले. तो म्हणाला, "एकच वाटी." मग आत्ती म्हणाल्या, "एक वाटी काय पाव्हण्यासारखी खातोस? आणखी एक घे की." मग आणखी एक झाली. आमच्याकडे वाढणारी बाई डाव उचलून उभी असताना ताटावर आडवा हात धरायचा म्हणजे भांडण काढल्यासारखंच. त्यातून ती आई, तीही यमाच्या दारातून नव्हे तरी जिन्याखालच्या मीटरपासून परत आलेली.

दुसऱ्या दिवशी खीर. तिसऱ्या दिवशी शेंगदाणे-गूळ भरलेली शेंगापोळी. चौथ्या दिवशी परत खीर, कारण खपली उरली होती.

"गूळ आहे, साखर नाही," मल्लिनाथ मला म्हणाला.

"गूळ म्हणजे साखरच असते, मल्लिनाथ. रंग लावलेली."

"आणि खपली शुगरला चालते. अडतीवर सगळे म्हणतात. डॉक्टरच लिहून देतात हल्ली."

"खपली चालते, खपलीत तितकाच गूळ आणि वर पळीभर तूप कुणी लिहून दिलंय? नाव सांग, मी जाऊन भेटते."

असं बोलले की तो मान हलवायचा, आणि मला वाटायचं पटलं. पटलं काही नसायचं. पुढचं दान कसंबसं पार पडलं. त्याच्या पुढच्या वेळी मात्र एक चमत्कारच घडला. हॉस्पिटलने त्याला मनगटाला पट्टा दिला होता, पावलं मोजणारा, आकडे थेट डॉक्टरांकडे जायचे. त्या महिन्यात मल्लिनाथची रोजची पावलं अठरा हजारांवर गेली. डॉक्टर जमादारांनी फोन करून अभिनंदन केलं. मला शंका आली, कारण ती अठरा हजार पावलं चालली जात असताना हा माणूस माझ्यासमोर बसून खीर खात होता आणि मनगट मोकळं होतं. मी अडतीवर गेले. पट्टा बेदाणा साफ करायच्या यंत्राच्या दांड्याला बांधलेला होता, चाळणीबरोबर थडाथड हलत होता. यंत्रावरच्या बाईंनी मला हसून सांगितलं, "साहेब म्हणाले, ह्याला व्यायामाची गरज हाय."

ऊर्जांक त्रेपन्न आला. दान नाकारलं गेलं. यंत्राच्या तंतुकणिका घेता आल्या असत्या तर प्रश्न नव्हता.

मग आत्ती परत उतरायला लागल्या. आधी गॅस, मग गल्ली, आणि एका संध्याकाळी दारात मल्लिनाथला, "मीटर जिन्याखाली हाय बघा." तो वाकला, मीटर बघितला, आत येऊन देवघरासमोर बसला आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला लागला. पट्टा हातात घालून. खीर करणारं घरात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे पथ्य आपोआप पाळलं गेलं. तीन महिन्यांत एकसष्ट. दान झालं, फवारा दिला, आत्ती परत आल्या. परत आल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल? डबा उघडून विचारलं, "खपली संपली होय गं? आणायला सांगितली न्हाईस?"

मी डोकं धरून बसले. हे चक्र माझ्या लक्षात आलं होतं, आणि लक्षात येऊन काही उपयोग नव्हता. आत्तींना आठवलं की त्या मुलाला खाऊ घालणार. मुलाने खाल्लं की त्याच्या तंतुकणिका बिघडणार. त्या बिघडल्या की आत्ती मुलाला विसरणार. विसरल्या की खाऊ घालणार नाहीत, मग मुलगा सुधारणार, मग आत्तींना परत आठवणार. इतकी साधी गोष्ट नववीतल्या पोराला फळ्यावर काढून दाखवली तर कळेल. आमच्या घरात दोन मोठी माणसं त्या चक्रात आनंदाने फिरत होती, आणि मी बाहेर उभी राहून ओरडत होते. मी खपली लपवली, आत्तींनी शेजारणीकडून मागवली. मी मल्लिनाथच्या हातातून वाटी काढून घेतली, आत्ती म्हणाल्या, "नवऱ्याच्या तोंडचा घास काढणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली." मी अन्विताला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू पप्पांशी शांतपणे बोलून बघ." मी फोन ठेवला.

ऊर्जांक छप्पन्न. दान परत नाकारलं, आणि आत्ती परत मीटरपर्यंत घसरल्या.

या वेळी डॉक्टर जमादारांनी मानबिन काही दिला नाही. त्यांनी आत्तींच्या मेंदूची दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. "हे पहिल्या उताराआधीचं, हे आताचं. पुरवठा तुटला की काही पेशी नुसत्या झोपत नाहीत, मरतात. मेलेल्या पेशीला कितीही ताज्या तंतुकणिका दिल्या तरी काही होत नाही. प्रत्येक उतारात असं थोडं थोडं कायमचं जातंय. आणखी एकदा वर आणता येईल त्यांना. त्यानंतर परत घसरल्या तर मी शब्द देत नाही. आणि मल्लिनाथ, तुमची स्वतःचीही तीन महिन्यांची साखर आता रेषेच्या पलीकडे गेलीय. आईच्या मागून याच वाटेने यायचंय का?"

त्या संध्याकाळी मी मल्लिनाथला नदीवर घेऊन गेले. घरात भांडलो असतो तर आत्तींनी पाव्हण्यांना भांडू नका म्हणून समजावलं असतं. पुलावर वारा होता. मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही, बरंचसं छापण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "तुला आई हवी आहे की खीर, एवढं एकदा सांग."

तो कठड्याला टेकून उभा होता. म्हणाला, "तुला ते दोन वेगळं वाटतंय, भागू."

"वेगळंच आहे."

"आठ महिने मीटर बघितलाय मी. ती वर आली की मला मल्लू म्हणते. पण नाव तर काय, हॉस्पिटलातली नर्सपण घेती. नाव पाठ करून पण घेता येतं. आणखी एक वाटी घे म्हणून डाव घेऊन उभी राहती ना, तेव्हा मला खात्री पटती की हिला मी कोण ते कळलंय. तिथं नको म्हणायचं म्हणजे..." त्याने वाक्य सोडून दिलं. "मला जमत नाही गं. मी बसतो तेव्हा ठरवूनच बसतो, नको म्हणायचं. आणि तिच्या तोंडाकडं बघितलं की हात सरकतो."

माझा राग गेला असं सांगायला आवडलं असतं. गेला नाही. रागाच्या जोडीला आणखी काहीतरी येऊन बसलं, इतकंच. पण एक गोष्ट मला तिथे कळली. या माणसाला दोष देऊन काही होणार नव्हतं. धरायचा हात वाटी उचलणारा नव्हता, डाव घेऊन वाढणारा होता.

मल्लिनाथ परत चालला. पावसाळा गेला, दिवाळीत त्याने करंजीला बोट लावलं नाही, लावावं असं म्हणणारंही कुणी नव्हतं. ऊर्जांक त्रेसष्ट. दान झालं. आत्ती या वेळी हळू आल्या, आधीपेक्षा कमी आल्या. अन्विताचं नाव त्यांना परत सापडलं नाही, आमचा लग्नाचा दिवस सापडला नाही. पण मल्लू सापडला. आणि चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेला रजा टाकून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा त्या परातीत खपली घेऊन बसल्या होत्या.

मी समोर पाट घेतला आणि वचन मोडलं. सगळं सांगितलं. तंतुकणिका वगैरे बाजूला ठेवल्या, साधं सांगितलं. तुमच्या डोक्याला लागणारी शक्ती ज्यातून तयार होते ते तुम्हीच मल्लिनाथला जन्म देताना दिलं होतं. तुमच्यातलं झिजलं म्हणून त्याच्यातलं काढून तुम्हाला देतात. त्याने गोड खाल्लं की त्याच्यातलंही खराब होतं, मग देता येत नाही, मग तुम्ही त्याला ओळखत नाही. दोनदा असं झालंय. तिसऱ्यांदा झालं तर परत येणं नाही.

त्या परातीतले गहू बोटांनी इकडून तिकडे करत राहिल्या.

"म्हणजे लेकराचं रक्त घ्यायला लागलेय मी."

"रक्तातलं थोडं. त्याने त्याला काही होत नाही. त्याला जे होतंय ते खिरीने होतंय."

"मी वाढते म्हणून तो बिघडतो. आणि तो बिघडला की मीच त्याला विसरते."

"होय."

"मग ह्या घरात शहाणं कोण हाय?"

"मी," मी म्हटलं.

त्या हसल्या. माझ्या कुठल्याही बोलण्यावर त्या हसल्याचं मला आठवत नाही. मग पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "त्याला ओळखत नव्हते तेव्हा काय म्हणायची मी त्याला?"

मी मीटरचं सांगितलं. तो रोज वाकून बघायचा तेही सांगितलं. मला वाटतं तेच त्यांना सगळ्यात लागलं.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "मल्लूला सांग, आजपासनं माझ्यासमोर जेवायला बसायचं न्हाई. भायेरच्या खोलीत बस म्हणावं, दार पुढं करून. तू वाढ त्याला."

"अहो आत्ती, एवढं कशाला? तुम्ही नुसतं गोड वाढू नका म्हणजे झालं."

"तो समोर बसलाय, ताट रिकामं झालंय आणि मी गप बसायचं? तुला जमंल ते. मला न्हाई जमायचं."

मल्लिनाथला मी आईला सांगितल्याचं कळलं तेव्हा तो माझ्याशी दोन आठवडे बोलला नाही. बोलला नाही तरी बाहेरच्या खोलीत जेवला. भाकरी, आमटी, पालेभाजी, ताक. मधलं दार आत्ती स्वतः पुढं करायच्या आणि दारापाशीच भिंतीला टेकून बसायच्या. मला विचारायच्या, "जेवतोय न्हवं? किती भाकऱ्या झाल्या?" मी सांगायचे. पलीकडे ताटलीचा आवाज बंद झाला की मग त्या जेवायला उठायच्या. मायलेकरं एका ताटापाशी बसणं संपलं होतं, आणि संपवलं मी होतं. आतापर्यंत यांनी ऐकावं म्हणून मी ओरडले. ऐकल्यावर मला दिवसातून दोनदा ते दार उघडून टाकावंसं वाटायचं. उघडलं नाही.

पुढच्या खेपेला ऊर्जांक सहासष्ट आला, आजवरचा सगळ्यात वरचा. डॉक्टर जमादारांनी परत साहेब म्हणायला सुरुवात केली. दान झालं. आत्ती घसरल्या नाहीत. नव्याने काही सापडलं नाही, पण होतं ते राहिलं.

हॉस्पिटलातून आलो त्या दिवशी दुपारी घरभर गूळ शिजल्याचा वास. मी धावत स्वयंपाकघरात गेले. पातेलं गॅसवर, आत्ती पाटावर, डाव हातात.

"आत्ती, हे काय? कुणासाठी?"

"बस," त्या म्हणाल्या. "कांडलेले गहू पडून होते. टाकायचे होय? तुझं ते काय म्हणतीस ते, तुझ्यातलं मला लागत न्हाई न्हवं?"

"नाही लागत."

"मग तुला खाल्लं तर चालतंय की."

त्यांनी माझ्यासमोर वाटी ठेवली. वर तूप घातलं, दूध घातलं. बावीस वर्षांत या घरात पहिली वाटी मला कधीच मिळाली नव्हती. मला उरलेली मिळायची, तीही पातेलं खरवडून. मी म्हटलं, मी साखर सोडलीय. त्या म्हणाल्या, गूळ आहे. मी कुणाशी वाद घालणार? घास घेतला. बाहेरच्या खोलीत भाकरी मोडल्याचा आवाज थांबला.

"कशी झालीया?" आत्तींनी मला विचारलं, पण बघत होत्या बंद दाराकडे.

"चांगली आहे. गूळ जरा जास्त वाटतोय."

"गूळ बरोबर असणार," दारामागून मल्लिनाथ म्हणाला. त्या बंद दारामागून तो पहिल्यांदाच बोलत होता. "तिचा गूळ कधी चुकत नाही. सुंठ कमी पडली असणार. वास इकडं आला नाही सुंठीचा."

आत्ती उठल्या. डब्यातली सुंठ काढली, चिमटीने पातेल्यात टाकली, ढवळलं, आणि नकोनको म्हणेपर्यंत दुसरी वाटी भरून माझ्यापुढे ठेवली. माझं पोट भरलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मी चमचा उचलला.

"आता सांग."

"आता बरोबर आहे."

"मोठ्यानं सांग," आत्ती म्हणाल्या.

मी दाराकडे तोंड केलं आणि मोठ्याने सांगितलं.